गाडीचं पोट आणि जुन्नरची थंडी

डिसेंबर उजाडला की ऑफिसात दोन पार्ट्या पडतात. एक गोवा पार्टी, दुसरी टेंट पार्टी. गोवावाल्यांची तिकिटं सप्टेंबरमध्येच काढून झालेली असतात, त्यामुळे ते शांत. टेंटवाले मात्र गुरुवारी दुपारपासून 'वेदर' बघत बसतात. हल्ली यात तिसरी एक जमात वाढलीय. जुनी ट्रॅव्हलर नाहीतर ओम्नी घ्यायची, मागच्या सीटा उपटायच्या, प्लायचा पलंग ठोकायचा, खाली पाण्याची टाकी बसवायची आणि गाडीतच संसार मांडायचा. आम्ही दोघं या तिसऱ्या जमातीतले. त्यामुळे थंडी पडली की मला एकाच प्रश्नासाठी फोन येतात : "अगं, रात्री टाकीतलं पाणी गोठलं तर? पाइप फुटतात म्हणे!"

मी विचारते, "चाललायस कुठे?"

"जुन्नरला. नाणेघाटाच्या बाजूला."

बॉस, जुन्नर म्हणजे जम्मू नव्हे! पण दोष विचारणाऱ्याचा नाही. कॅम्परला थंडीसाठी कसं तयार करायचं हे शोधायला बसलं, की समोर येतात कॅनडा आणि मिनेसोटाचे व्हिडिओ. त्यातला दाढीवाला माणूस गाडीचं पोट प्लॅस्टिकच्या शीटनं बंद करतो, आत गरम हवेचा पाइप सोडतो, टाक्यांना विजेचं पांघरूण गुंडाळतो. बाहेर उणे वीस. त्याचं सगळं बरोबर आहे, त्याच्यासाठी. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, आणि पाइपला फुगायला जागा नसते. लडाख-स्पितीला हिवाळ्यात गाडी घेऊन जाणाऱ्यांना हाच हिशोब लागू होतो. तिथे डिझेलसुद्धा दाटतं, म्हणून तर इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं. त्या प्रदेशात सरळ टाकी रिकामी करावी, पंपातलं पाणी काढून टाकावं आणि पिण्याचं पाणी डब्यात भरून आपल्याजवळ ठेवावं. पाइपात काही ओतायचंच असेल तर प्रॉपिलीन ग्लायकॉल. गाडीच्या रेडिएटरमधला कूलंट मुळीच नाही. तो बहुतेक वेळा एथिलीन ग्लायकॉलचा असतो आणि ते विष आहे. चवीला गोड लागतं, म्हणून तर जास्त धोक्याचं.

आता आपल्याकडचा हिशोब. पुण्याच्या वेधशाळेतला आजवरचा नीचांक आहे १.७ अंश, तारीख १७ जानेवारी १९३५. म्हणजे अजून शून्याला शिवलेलं नाही. जुन्नर-आंबेगावच्या खोऱ्यात चांगली थंडीची लाट आली की पहाटे पारा सात-आठपर्यंत उतरतो. माझ्या टाकीत ८० लिटर पाणी मावतं. ते पाणी समजा कसंबसं शून्यावर पोचलं, तरी त्याचा पूर्ण बर्फ व्हायला त्यातून आणखी सात युनिटांहून जास्त उष्णता बाहेर जावी लागते. सात युनिटं म्हणजे आपला गीझर साडेतीन तास चालवल्याइतकी. जुन्नरच्या एका रात्रीला हे जमणारं काम नाही.

"पण मग महाबळेश्वरला वेण्णा लेकवर बर्फ पडतो, त्याचं काय?" हा प्रश्न हमखास येतो. तो पडत नाही, तो जमतो. हवा चार-पाच अंशांवर असताना उघड्या आकाशाखालचं गवत, जेट्टीच्या फळ्या, गाड्यांचे टप आपली उष्णता आकाशात फेकत राहतात आणि हवेपेक्षाही थंड होतात. मग त्यांच्यावरचं दव गोठतं. आपल्याकडची कडक थंडी ही अशी वरून उघडं पडल्याची थंडी असते. आभाळ निरभ्र, वारा बंद, की समजायचं आज रात्री हुडहुडी. त्यात थंड हवा जड असते. ती उतारावरून पाण्यासारखी घरंगळत खाली येते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते. म्हणून धरणाच्या अगदी काठावर, फोटोला झक्कास दिसणाऱ्या जागी गाडी लावणारे पहाटे जास्त कुडकुडतात आणि सकाळी दवानं भिजलेले असतात. तीच गाडी चढावर थोडी वर, एखाद्या वस्तीच्या आडोशाला लावली असती तर फरक अंगाला कळला असता.

गोठण्याचं टेन्शन गेलं म्हणून गाडीचं पोट तसंच ठेवायचं का? नाही ना! टपाला आकाश छळतं, पोटाला वारा छळतो. घराला खाली जमीन असते. गाडीच्या खाली वारा असतो. पत्र्याची जमीन, तिला खालून लोखंडी पट्ट्या, आणि त्यांच्याखालून रात्रभर फिरणारी हवा. वर दोन-दोन ब्लँकेटं घेऊनही पाठ गार पडते, कारण अंगाखालची गादी आपल्याच वजनानं चेपलेली असते. तिच्यातली हवा गेली की ऊब गेली.

हे मला कुठल्या व्हिडिओनं नाही शिकवलं. हे मी पारगावच्या बाजूला पाहिलं. जुन्नरमध्ये निवृत्तीनगरला विघ्नहर आणि आंबेगावात पारगावला भीमाशंकर असे दोन सहकारी साखर कारखाने आहेत. दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की बीड, नगरकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात आणि मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात. बांबू, ताट्या, वर ताडपत्री नाहीतर प्लॅस्टिकचा कागद. चार-पाच महिने, ऐन थंडीत, लेकरंबाळं घेऊन. एका कोपीपुढे चहा घेताना मी आत डोकावले. वरचा कागद इतका पातळ की उजेड आरपार. आणि खाली? वाळलेल्या उसाच्या पाचटाचा वीतभर जाड थर, त्यावर पोती, त्यावर गोधडी. मी विचारलं तर त्या बाई म्हणाल्या, "थंडी भुईतून येती बाई. वरचं काय, अंगावर काही बी घेता येतं."

पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापायच्या आणि अंधारातच फडात जायचं, असा त्यांचा दिवस. माझ्या गाडीच्या फरशीवर मी जेवढे पैसे घातलेत तेवढे तिच्या त्या अख्ख्या घरावर नव्हते. पण फरशीचं शास्त्र तिला माझ्याआधी ठाऊक होतं. धनगरांच्या वाड्यावरही हेच. दिवसा खांद्यावर असलेली घोंगडी रात्री आधी अंगाखाली जाते.

तर फरशी. आम्ही गाडीच्या आतून पत्र्यावर इंचभर जाडीचे एक्सपीएसचे बोर्ड टाकले. हा थर्माकोलचा जाडजूड भाऊ. चालताना दबत नाही, पाणी पीत नाही. त्यावर मरीन प्लाय, त्यावर विनाइल. ग्लासवूल घालू नका. एकदा ओलं झालं की ते फक्त ओझं उरतं आणि आत पत्रा गंजत राहतो. बाहेरून, म्हणजे खालून, पोट पूर्ण बंद करायचा हट्ट नवऱ्याचा होता. परदेशी कॅम्परला खाली लावतात ते नालीदार प्लॅस्टिक म्हणजे आपलं सनपॅक, ज्यावर निवडणुकीचे आणि वाढदिवसाचे बोर्ड छापतात तेच. भोसरीच्या आमच्या गॅरेजवाल्या चाचांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मॅडम, पावसाळ्यात आत गेलेलं पाणी बाहेर कुठून येणार?" विषय कट. चिखलाच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीचं पोट डबाबंद केलं की आत पाणी, माती आणि उंदीर असे तिघं राहायला येतात. शिवाय सायलेन्सर तापतो. त्याच्या जवळपास फोम किंवा प्लॅस्टिक आणणं म्हणजे आगीला पत्रिका देणं. त्यामुळे खाली फक्त गंजरोधक कोटिंग मारून घेतलं आणि पाण्याच्या पाइपांवर काळी फोमची नळी चढवली. एसीच्या तांब्याच्या पाइपवर असते ना, तीच. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते.

वाऱ्याचा बंदोबस्त मात्र हवाच. त्यावरचा उपाय आहे परकर. हसू नका. गाडी लावली की चारी बाजूंनी खाली जमिनीपर्यंत ताडपत्रीची झालर सोडायची. वरच्या बाजूला हुक, खाली दगड. पोटाखालची हवा जागच्या जागी थांबते आणि फरशी एवढी गार पडत नाही. आमचा परकर दापोडीच्या एका ताडपत्रीवाल्यानं शिवून दिला. नियम एकच आणि तो तोडायचा नाही : परकर सोडलेला असताना इंजिन चालू करायचं नाही. धुराला बाहेर जायला वाट राहत नाही. वायरीसाठी, पाइपसाठी फरशीला पाडलेली प्रत्येक भोकं त्याला आत यायची वाट देतात.

इथे थोडं थांबते, कारण थंडीच्या कॅम्पिंगमधली जीवघेणी गोष्ट हीच आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद गाडीत शेगडी पेटवून झोपलेले लोक सकाळी उठलेच नाहीत, ही बातमी देशात दर हिवाळ्यात कुठून ना कुठून येते. आपण ऊब राहावी म्हणून फटी बुजवतो, फोम लावतो, परकर घालतो, म्हणजेच गाडी अधिकाधिक हवाबंद करत जातो. त्यात निखाऱ्याची शेगडी ठेवणं किंवा हीटरसाठी रात्रभर इंजिन चालू ठेवणं हा सरळ मूर्खपणा आहे. मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, महागातल्या पिझ्झा पार्टीच्या पैशांत. पलंगाच्या उंचीला लावा. आणि वरची खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. दोन माणसं रात्रभरात श्वासातून नि घामातून अर्धा लिटर तरी पाणी हवेत सोडतात. ते थंड पत्र्यावर जमून खाली ओघळतं आणि फरशीच्या प्लायमध्ये मुरतं. खालून एवढं जपलेलं पोट वरून कुजतं.

आता टाक्या. कॅम्परला तीन लागतात. चांगल्या पाण्याची, सांडपाण्याची आणि, स्पष्टच बोलू, संडासाची. पहिल्या टाकीबद्दल जुन्नरमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच पुरेसा विचार होऊन गेलाय.

नाणेघाट हा कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून देशावर यायचा सातवाहनांच्या काळातला व्यापारी रस्ता. घाट चढून आलं की ती प्रसिद्ध लेणी, जिच्या भिंतीवर नागनिकेचा लेख आहे. आजूबाजूला कातळात खोदलेली पाण्याची टाकी. जुन्नर परिसरात दोनशेहून जास्त खोदकामं आहेत, लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी अशी पसरलेली. जिथे राहायची गुहा तिथे शेजारी टाकं. तिथल्या शिलालेखांत 'पोढी' असा शब्द येतो, पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. लोक पुण्यासाठी पोढी दान करायचे. आपण मित्राच्या वाढदिवसाला गिफ्ट व्हाउचर देतो, ते टाकं द्यायचे. (इंग्रजीतला 'टँक' हा शब्दही आपल्या टाक्याच्या घराण्यातलाच, असं बरेच कोशकार मानतात. पोर्तुगिजांचाही त्यावर दावा आहे, तो त्यांनी त्यांच्याकडे ठेवावा.)

या टाक्यांची गंमत जागेत आहे. ती डोंगराच्या पोटात आहेत. वर कातळाचं जाड छप्पर, तोंड लहान. मे महिन्यात पाणी गार लागतं आणि जानेवारीच्या पहाटे हात घातला तर बाहेरच्या हवेपेक्षा कोमट. दगडाला बाहेरचा ऋतू उशिरा कळतो. नारायणगावच्या पट्ट्यातले द्राक्षबागायतदारही याच गोष्टीवर थंडीच्या रात्री काढतात. पारा फार उतरला की मण्यांना तडे जायची भीती, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटतात आणि ठिबकला विहिरीचं पाणी सोडलं जातं. जमिनीखालचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. ते बागेला ऊब देतं. त्या वेळी विहिरीवर वाफ तरंगत असते, एकदा तरी उठून बघण्यासारखं दृश्य.

हाच न्याय गाडीला. पाण्याची टाकी बाहेर, खाली चासीला लटकवायची नाही. ती आत, पलंगाखाली, चाकांच्या मधोमध. कार्यालयीन भाषेत सांगायचं तर पाणी हे 'रिसोर्स' आहे. संध्याकाळी विहिरीचं २४ अंशांचं ८० लिटर पाणी भरलं आणि सकाळपर्यंत ते १४ अंशांवर आलं, तर रात्रभरात त्यानं जवळजवळ एक युनिट ऊब गाडीतच सोडली. एक किलोवॅटचा हीटर तासभर, तोही फुकट आणि विनाधोका. टाकी बाहेर असती तर हीच ऊब जुन्नरच्या वाऱ्याला वाटली असती. आत टाकी म्हटलं की झोपायची जागा कमी होते अशी तक्रार येते. होते. पण खाली चासीला वेल्डिंग करून टाकी लटकवणं हा गाडीच्या रचनेतला बदल आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तशा बदलासाठी आरटीओची नोंद लागते. ८० लिटर म्हणजे ८० किलो हेही विसरू नका. घाटात टाकी भरलेली असावी नाहीतर रिकामी. अर्धी असली की माळशेजच्या प्रत्येक वळणावर पाणी तुमच्या आधी वळतं.

तिसऱ्या टाकीबद्दल लोक कुजबुजत बोलतात. मला त्यात काही लाजण्यासारखं वाटत नाही. उलट जुन्नर-आंबेगावला थंडीत जायचं असेल तर गाडीत सगळ्यात आधी काय बसवू, असं कुणी विचारलं तर मी संडास सांगेन. आणि कारण बिबट्या.

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, ऊस आला, आणि उसात बिबट्या राहायला आला. त्याच्यासाठी ते बारमाही जंगलच. माद्या उसातच पिल्लं घालतात. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, ते हौसेनं नाही उभारलेलं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसं गेली आणि लोक रस्त्यावर उतरले. ज्यांच्या घरापुढे हे घडतं त्यांच्यासाठी हा काही वीकेंडचा थरार नाही. आणि वेळ बघा : ऊसतोड हिवाळ्यात. फड तुटत जातो तसा त्यातला बिबट्या बाहेर पडतो, जागा बदलतो. नेमके तेव्हाच आपण शहरातून थंडी एंजॉय करायला पोचतो.

वनखातं गावागावांत सांगत असतं ते साधं आहे. अंधारात एकट्यानं बाहेर पडू नका, आणि उघड्यावर खाली बसू नका. वाकलेला, बसलेला माणूस बिबट्याला लहान प्राण्यासारखा दिसतो. आता सांगा, रात्री दोन वाजता, उसाच्या कडेला, मोबाइलची बॅटरी तोंडात धरून कुणी बसायचं? पोर्टेबल टॉयलेट मिळतं, खाली वीस लिटरची बंद टाकी असलेलं. ओट्याएवढी जागा खातं. आमच्या ग्रुपमधल्या पोरांना ते आधी 'नखरे' वाटलं होतं. रात्री पहिली रांग त्यांचीच असते.

पोटाचा आणि बिबट्याचा आणखी एक संबंध आहे, तो कुठल्याही कॅनडाच्या व्हिडिओत सापडणार नाही. गाडी येऊन थांबली की इंजिनखालची जागा तासभर उबदार राहते. गावातली कुत्री ती जागा बरोबर हुडकतात आणि खाली येऊन झोपतात. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास केला, त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे तुमच्या पलंगाच्या बरोबर खाली रात्रभर त्याचं आवडतं जेवण झोपलेलं! परकर सोडायचं माझं दुसरं कारण हे. झालर नीट दगडांनी दाबली की कुत्री आत शिरत नाहीत. उरलेलं मटण, हाडं गाडीखाली टाकायची नाहीत हे सांगायला नको, तरी सांगते, कारण टाकलेली मी बघितली आहेत. गाडी उभ्या उसापासून लांब आणि वस्तीच्या जवळ लावायची. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत तर मनाला येईल तिथे गाडी लावून रात्र काढण्याचा विचारही नको.

उंदरांचं थोडक्यात. ऊस तुटला की तेही बेघर होतात आणि वायरी कुरतडतात. फरशीची भोकं नुसत्या फोमनं बुजवली तर ते फोम खाऊन आत येतात. आधी स्टीलची जाळी कोंबा, वर फोम.

राहिली सांडपाण्याची टाकी. भांडी, दात घासणं, हात धुणं यांचं पाणी खाली ३० लिटरच्या कॅनमध्ये जमतं, त्याला एक व्हॉल्व्ह. थंडीत या टाकीला काहीही करावं लागत नाही. गोठत नाही, फुटत नाही. फक्त रविवारी दुपारी ती भरलेली असते आणि आपल्याला निघायची घाई असते. मी ज्या वेळी जुन्नरला गेलेय, त्या बहुतेक वेळी धरणाच्या उतरणीवर एखाद्या गाडीखालून फेसाचा ओघळ पाण्याकडे जाताना पाहिलाय. कधी नुसता साबणाचा, कधी निळसर आणि उग्र वासाचा, म्हणजे टॉयलेटच्या केमिकलचा.

येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. यातलं डिंभे आंबेगावात, घोड नदीवर. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे, ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते जुनं आंबेगाव याच पाण्याखाली गेलं. येडगावहून निघणारा कुकडीचा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत पार करमाळ्यापर्यंत जातो. गावंच्या गावं उठली, शेतं बुडाली, तेव्हा हे पाणी साठलं. त्या खाली राहणाऱ्या माणसाच्या हंड्यात आपली शाम्पूची आंघोळ सोडायची आपली ऐपत नाही, मग गाडी कितीही भारी असो.

मग रिकामी कुठे करायची? राज्य सरकारनं २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं. २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आलं, त्यात कॅराव्हॅन पार्क, तिथे पाणी-वीज-स्वच्छता असा विचार मांडलाय. तुमच्या वाटेवर असा पार्क असेल तर उत्तम. नसेल तर संडासाची बंद टाकी पुण्यात घरी आणायची आणि आपल्याच संडासात ओतायची. बंद झाकण, दोन पिशव्या, डिकीत उभी. घाण वाटतंय? दोन दिवसांपूर्वी ते तुमचंच होतं. गावातल्या कुणाच्या शौचखड्ड्यात किंवा गोबरगॅसमध्ये विचारल्याशिवाय ओतू नका. टॉयलेटची केमिकल्स जंतू मारतात, आणि खड्डा काय, गोबरगॅस काय, दोन्ही जंतूंवरच चालतात.

साबणपाण्याचं उत्तर मला ओतूरच्या अलीकडे, आम्ही जिच्या अंगणात गाडी लावतो त्या मावशींकडे मिळालं. पहिल्याच दिवशी त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, खाली वाकून पोट बघितलं, व्हॉल्व्हवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्याचं पाणी कुठं सोडणार गं पोरी?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगाल तिथे."

त्यांनी मोरीमागचा अळूचा वाफा दाखवला, पलीकडे दोन केळी. घरातलं सगळं वापरलेलं पाणी तिथे जातं. अट एवढीच की साबण बेतानं, आणि खरकटं आधी गाळून बाजूला. आता आम्ही भांडी आधी राखेनं घासतो, राख त्यांच्याच चुलीतली. 'त्या निळ्या औषधाचा' डबा मात्र त्यांनी अंगणात उतरवूसुद्धा दिला नाही.

रात्रीचे पाचशे रुपये घेतात. त्यात विहिरीचं पाणी, सकाळी चहा-पोहे, आणि अंगणातला दिवा रात्रभर चालू. येताना विचारून या, द्राक्षाचा हंगाम असला की त्यांना बोलायला वेळ नसतो. आणि अळूची पानं हवी असतील तर शनिवारीच सांगून ठेवा, रविवारी सकाळी ती नारायणगावच्या बाजारात गेलेली असतात.